परक्या हाताची ऊब

इंजिनाचे झाकण ऊबदार होते. सायंकाळचे सव्वासहा वाजले होते. वाचनालयाच्या दाराला कुलूप लावून मी सायकलीने घरी आलो होतो आणि नित्याच्या परिपाठाप्रमाणे, चपला काढण्याच्याही आधी, अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या केबिनमध्ये एक पाय टाकून दोन आसनांच्या मधोमध असलेल्या त्या कुबडासारख्या पत्र्यावर तळहात ठेवला होता. गेली दोन वर्षे मी हा स्पर्श रोज करीत आलो आहे. त्यामागे कारण असे काही नाही. आजारी माणसाच्या कपाळाला जाता-येता हात लावतात, तसे ते आहे. वैशाखात उन्हाने तापलेले ते झाकण मला ठाऊक होते, आषाढात ओलसर गार पडलेलेही ठाऊक होते. परंतु ही ऊब निराळी होती. उन्हाची ऊब वरून खाली उतरते. ही खालून वर येत होती. मी हात काढून घेतला, पुन्हा ठेवला. माझ्या हातून दोन वर्षांत एकदाही सुरू न झालेले इंजिन माझ्या अनुपस्थितीत सुरू झाले होते, यथेच्छ चालले होते, आणि मी येण्याची वाट न पाहता आता हळूहळू निवत चालले होते. केबिनमध्ये जळलेल्या डिझेलचा वास होता आणि त्या वासात बिडीचा वास मिसळलेला होता. मी बिडी ओढत नाही.

"कोन ऊनं व्हतं आठे?" मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारले.

माझी पत्नी चारुलता भाकरी थापीत होती. तिने मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुपारचे हसू अजून शिल्लक होते. "उदेसिंगदादा ऊना व्हता. डोया दखाडाले दवाखानामा ऊना, तठून घर इचारत इचारत आठे ऊना."

"माले फोन काब्र नही करा?"

"मी करी ऱ्हायनी व्हती. तोच म्हने, राहू द्या वहिनी, भाऊ कामवर शेतस. मंग गाडीभवती दोन चक्कर मारात, पत्राले हात लाया, म्हने, एक डाव दखू का? मी म्हनं, दखा ना, तुमनीच शे." तिने भाकरी तव्यावर टाकली. "खाल झोपीसन काय काय खुडबुड करी. दोन डाव हीटर मारं, मझार अर्धी बिडी वढी, आनि चावी फिरायी. आख्खी गल्ली दखाले ऊनी. माय तं खाटवरथीन उठीसन चहा ठेवाले गई. दोन कप मांडात. म्हने, त्या ऊनात, गाडीना आवाज ऊना."

त्या म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली.

मी हातपाय धुतले, जेवलो, आईजवळ बसलो. आई, कौसाबाई, ऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या स्मरणाची वीण अलीकडे जागोजागी उसवली आहे. दोन वर्षे दर रविवारी मी तिच्या डोळ्यांसमोर, खाटेपासून दहा हातांवर, त्या गाडीचा पत्रा ठोकत आलो. तिने एकदाही विचारले नव्हते की हे काय चालले आहे. आणि उदेसिंगने चावी फिरवताच ती चहा ठेवायला उठली. माझ्या मनात त्या वेळी जे उत्पन्न झाले त्याला दुःख म्हणावे असा मी प्रयत्न केला, कारण दुःख हा शब्द सभ्य आहे. परंतु ते दुःख नव्हते. परगावाहून परतलेल्या पुरुषाला आपल्या अंथरुणात दुसऱ्याच्या अंगाचा वास यावा आणि घरातील सर्वांनी त्या दुसऱ्याचे कौतुक सांगावे, अशा जातीचे ते काहीतरी होते. 'तुमनीच शे', तुमचीच आहे, हे दोन शब्द मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होतो.

ही गाडी म्हणजे चौऱ्याऐंशी सालची एक मॅटाडोर पिकअप. माझे वडील नवल पाटील, सर्वांचे नाना, यांनी ती नवी घेतली आणि पंचवीस वर्षे तापीकाठच्या आमच्या गावातून मिरची आणि केळी भरून ती नंदुरबारच्या बाजारात, कधी नवापूरमार्गे थेट सुरतेला नेली. उदेसिंग हा तिचा ड्रायव्हर. तळोद्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचा, आईबाप नसलेला, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. तो आधी गाडी धुवायला म्हणून आला आणि अठराव्या वर्षी तिच्या चाकावर बसला. वडील त्याच्या शेजारी बसत. मी सुटीच्या दिवशी मागे, मिरचीच्या पोत्यांवर. केबिनच्या पाठीला एक वीतभर काच होती. तिच्यातून मला दोन माना दिसत, एक वडिलांची, गोरी आणि रुंद, आणि एक उदेसिंगची, काळी, शिरा ताणलेली. त्या दोन माना एकमेकींकडे वळत, हलत, कधी एकदमच मागे झुकत, म्हणजे ते हसत असले पाहिजेत. आवाज येत नसे. त्या काचेला नाक लावून मी ओठांच्या हालचालींवरून शब्द जुळवण्याचा यत्न करी आणि तोंडात मिरचीची धूळ जाऊन मला शिंका येत. वडील घरी अबोल होते. आमच्याशी ते जेवढे बोलत ते जेवणाच्या ताटापुरते. मग गाडीत एवढे काय बोलत असतील, हा प्रश्न मी पुढे पुष्कळ वर्षे मनात वागवला. नववीत मी नापास झालो तेव्हादेखील ते मला एक शब्द बोलले नाहीत. मी एकदा धीर करून म्हटले होते की मला गाडी शिकवा. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पाहताना काहीतरी आठवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, आणि म्हणाले, "तू वाच. गाडी उदेसिंग दखी." मी वाचले. वाचनालयात शिपाई म्हणून सव्वीस वर्षे काढली आणि कपाटे पुसता पुसता त्यांतील निम्मी पुस्तके वाचून काढली. या सर्व वाचनाचा पाया म्हणजे एक नकार होता, हे मात्र मी कोणाजवळ उच्चारले नाही.

गाडी गावाकडच्या खळ्यात तेरा वर्षे उभी राहून सडली. दोन वर्षांपूर्वी मी ती ट्रॅक्टरला बांधून नंदुरबारला आणली. भंगारवाल्याने हसून हात जोडले, शेजारचे शांतीलाल म्हणाले की नवनीतभाऊ, हिच्या जागी म्हैस बांधा, निदान दूध तरी देईल. मी कोणाही मिस्त्रीला तिला हात लावू दिला नाही. मोटार शिकवणाऱ्या एका माणसाकडे, घरी न सांगता, लहान कारवर मी गाडी चालवण्याचे शिक्षण घेतले होते, बावन्नाव्या वर्षी. लोखंडाचे शिक्षण मात्र या गाडीवरच घेतले. तळाचा पत्रा कापून नवा घातला. वायरिंग उलगडून, खडूने खुणा करून, पुन्हा ओवले. आसनांना रेक्झिन शिवले. पत्र्याच्या सांध्यासांध्यांतून पंचवीस वर्षांच्या मिरचीचे बी निघे, पिवळे, कागदासारखे हलके, आणि ग्राइंडर फिरवला की ठिणग्यांनी ते जळून असा ठसका उठे की सबंध गल्ली खोकत दारे लावून घेई. शांतीलाल गच्चीवरून विचारत, "नवनीतभाऊ, कोनी नजर उतारी ऱ्हायनात?" मी तोंडाला रुमाल बांधून हसे. त्या धुरात मला बरे वाटे. ती माझ्या वडिलांची धूळ होती आणि ती मी एकटा श्वासात घेत होतो, असे काहीतरी. चासीला मी काळा रंग दिला. एकेक बोल्ट काढून, घासून, रंगवून परत लावला. सर्व झाले. फक्त इंजिन सुरू होईना. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी नळीतली हवा काढी, डिझेल पेटावे म्हणून आधी हीटर तापवी, चावी फिरवी. ते गुरगुरे आणि गप्प होई. मी घाई केली नाही. माझ्या मनात एक चित्र ठरलेले होते: एखाद्या रविवारी ते माझ्या हाताने सुरू होईल, आई मान वळवील, आणि त्या क्षणापुरता का होईना, मी या गाडीचा आणि त्या माणसाचा मुलगा ठरेन. मला दुसरे काही नको होते. दोन वेळा हीटर आणि मधे अर्धी बिडी ओढण्याइतके थांबणे, एवढीच ती विद्या होती, आणि ती कोणत्याही पुस्तकात नव्हती.

उदेसिंगला आईने रविवारी बोलावले होते. तो नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे आमच्या खानदेशात कानबाईचा. त्या दिवशी नारळाला नथ-डोरले घालून देवी मांडतात आणि रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. रोटाचे गहू आधीच्या दिवसांत मोजून काढतात. मोजून म्हणजे घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने एकेक मूठ. ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, परक्याला त्यातला घास द्यायचा नाही, असा नेम आहे. आमच्या घरी लहानपणापासून मी पाहत आलो की पुरुष दोन, वडील आणि मी, आणि मुठी तीन. त्या तिसऱ्या मुठीचा अर्थ मी माझ्यापुरता लावून ठेवला होता. मी तेरा वर्षांचा असताना मला एक भाऊ झाला होता. तो बावीस दिवस जगला. ती मूठ त्याची, असे मी समजत असे. कोणाला विचारले नाही, कारण अशा गोष्टी विचारण्याच्या नसतात. पुढे माझा मुलगा हेमकांत आला, तो आता सुरतेला कापडबाजारात आहे, आणि वडील गेले. मुठी वाढल्या आणि कमी झाल्या, परंतु जास्तीची एक मूठ कायम राहिली, आणि दर श्रावणात ती सुपात पडताना मी मनातल्या मनात त्या बावीस दिवसांच्या भावाला नमस्कार करीत आलो. चाळीस वर्षे मी हे केले. घरात माझ्याखेरीज त्याची आठवण ठेवणारे कोणीतरी आहे, याचा मला आधार वाटत असे.

गुरुवारी सकाळी आई सूप घेऊन बसली. पूर्वी ती मुठी मुकाट्याने टाकी; आता तिच्या मनातले आणि ओठांवरचे यांच्यातील भिंत पडली आहे. तिने पहिली मूठ टाकली, "नवनीतनी." दुसरी टाकली, "हेमकांतनी." मी दाढी करीत होतो. तिसरी टाकताना ती म्हणाली, "उदेसिंगनी."

मी वस्तरा खाली ठेवला. "माय, तिसरी कोनी?"

"उदेसिंगनी. कोनी व्हई मंग?"

"कव्हयपाईन?"

"तो ऊना ते सालपाईन. तुना बाप बोलना, गाडी त्याना हातमा शे, तो घरनाच शे. पन बोलू नको कोनले, भाऊबंद नावं ठेवतीन." तिने गव्हातला खडा काढून फेकला. "सोमवारे रोट फडकामा बांधीसन देये मी. त्या दोन्ही गाडीमाच खायेत."

"मी समजू त्या बाईस दिनना पोऱ्यानी शे."

आईने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी फार लहान आहे. "मरेलसनी मूठ नही लेतस रे बाबा," ती म्हणाली.

त्या दिवशी वाचनालयात मी वर्तमानपत्रे उलटी लावली. एका सभासदाने हसून ती सुलटी केली. माझ्या डोळ्यांपुढे सुपात पडणारे गहू होते. म्हणजे माझ्या नावाची आणि त्याच्या नावाची मूठ एकाच जात्यात, एकाच पिठात, आणि मी तिला भाऊ म्हणून नमस्कार केला. ज्या काचेतून मी दोन माना पाहत असे तिच्या पलीकडे सोमवारी फडके सोडून रोट मोडला जात असे. मला माझ्या मेलेल्या भावाचाही राग आला. त्याची मूठ नसावी आणि मी त्याला चाळीस वर्षे ती वाहावी, यात त्याचीही काही फसवणूक मला दिसू लागली. मत्सर या विषयावर पुष्कळ ग्रंथांत लिहिलेले मी वाचले आहे. तो अग्नीसारखा असतो असे त्यांत म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. तो फार थंड आणि व्यवस्थित असतो. तो माणसाला हत्यारांच्या पेटीपाशी नेतो आणि योग्य क्रमांकाचा पाना काढून देतो.

शनिवारी सकाळी, आंघोळीच्या आधी, मी गोणपाट टाकून गाडीखाली गेलो. टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या नळीला एक बोल्ट आहे. तो पाव फेरा ढिला केला तर डिझेल गळत नाही, दिसत काहीच नाही. फक्त नळी हवा ओढते आणि इंजिन कितीही फिरवले तरी पेट घेत नाही. मी सतरा नंबरचा पाना लावला. माझ्याच हाताने दिलेला काळा रंग बोल्टच्या कोपऱ्यावरून उडाला आणि आतले लोखंड चकाकले. मी विचार करीत होतो तो इतकाच, की रविवारी तो चावी फिरवील, सारी गल्ली पाहत असेल, आई खाटेवरून मान वळवील, आणि काही होणार नाही. दोन वेळा हीटर, मधे अर्धी बिडी, आणि काही होणार नाही. पाना मी सदऱ्याच्या खिशात ठेवला; रविवारी तोच सदरा घातला तेव्हाही तो तिथेच होता.

उदेसिंग अकराच्या सुमारास आला. गाडी उभी राहिली तेव्हापासून, म्हणजे पंधरा वर्षांनी, मी त्याला पाहत होतो. केस पांढरे, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची साय, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याने आमचुराची पुडी चारुलतेच्या हातात दिली, देवीपुढे बाहेरूनच हात जोडले आणि आईच्या पायांवर डोके ठेवले.

"भाऊ, वळखं का?" तो मला म्हणाला.

"वळखं."

"तुम्ही तं गाडीले नवरी करी टाकी. नाना ऱ्हातात तं भवती फिरतात दिनभर." त्याने दाराच्या पत्र्यावरून तळहात फिरवला, मागील आठवड्यात फिरवला असेल तसाच. मी त्या हाताकडे पाहत होतो. नखे काळी, एक बोट वाकडे. त्या हाताने माझ्या घरचे रोट मोडले होते.

आईने हट्ट धरला की तिला गाडीत बसायचे आहे. "चाल रे, बाजारले जाऊत." आम्ही दोघांनी मिळून तिला उचलून वडिलांच्या जागेवर बसवले. ती हलकी झाली आहे. शांतीलाल आपल्या गच्चीवर येऊन उभे राहिले होते आणि चारुलता पदराला हात पुसत दारात. मी उदेसिंगसाठी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले. माझे अंतःकरण शांत होते. मी सर्व योजले होते.

"नही भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही बठा. दोन साल हात काया करात तुम्ही. मी त्या दिन नुसती हवा काढी. तुमना हाते व्हऊ द्या."

"तुम्हीच बठा," मी म्हणालो.

"बठा ना. मायले दखू द्या."

हे मी योजले नव्हते. मी चाकामागे बसलो. शेजारी आई होती आणि तिने तोंड पूर्णपणे माझ्याकडे वळवले होते. हाच तो रविवार होता, दोन वर्षे मनात जपलेला, आणि मी तो काल सकाळी माझ्या हाताने पाव फेरा ढिला केला होता. मी खाली उतरून म्हणू शकलो असतो की थांबा, एक बोल्ट पाहायचा राहिला. परंतु माझ्या जिभेला तेवढेही खोटे सुचले नाही. मी हीटर ओढला. उदेसिंगने बिडी पेटवली, अर्धी झाली तेव्हा बोट वर केले. मी पुन्हा हीटर ओढला. चावी फिरवली. इंजिन फिरले, फिरत राहिले, कण्हत राहिले. पुन्हा. पुन्हा. बॅटरीचा आवाज बसू लागला.

"नवरी रुसनी वाटस," शांतीलाल वरून म्हणाले.

आईने माझ्या मनगटाला हात लावला. "ऊठ रे नवनीत. उदेसिंगले बठू दे. तुले नही जमस."

ती हे रागाने म्हणाली नाही. ताटात मीठ नाही हे सांगावे तसे म्हणाली. मी चाक धरून बसून राहिलो. माझ्या कानांत घाम उतरला होता.

उदेसिंग बसायला आला नाही. त्याने डोके कलते करून शेवटच्या फिरण्याचा आवाज ऐकला होता. "हवा ली ऱ्हायनी," तो पुटपुटला, आणि इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली सरकला. मी दारातून वाकून पाहत होतो. त्याला नीट दिसत नव्हते. त्याची बोटे नळीवरून चालत गेली, प्रत्येक सांध्याशी थोडी थांबत, आणि त्या बोल्टपाशी येऊन थबकली. वाकडे बोट त्या बोल्टच्या कोपऱ्यावरून फिरले, जिथला रंग उडाला होता. एकदा फिरले, दुसऱ्यांदा फिरले. मग हात बाहेर आला.

"भाऊ, पाना."

मी खिशातला पाना काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो बोल्टला लावला आणि पाना नेमका बसला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्याने नंबर सांगितला नव्हता.

तो खालून बाहेर आला, मातीने पाठ भरलेला. कोणाकडे न पाहता मोठ्याने म्हणाला, "वायसर दबी गया व्हता. काई नही." झाकण उचलून त्याने डिझेलचा हातपंप मारून हवा काढली, आईने त्यासाठी पाय बाजूला घेतले, सवयीने, जणू हे काल-परवा घडत होते. "मारा आते," तो म्हणाला. मी चावी फिरवली आणि इंजिन पेटले. सबंध केबिन थरथरू लागली, काचा वाजू लागल्या, धूर दारापर्यंत गेला, चारुलता हसत खोकू लागली. आईने डोळे मिटून घेतले. मी ज्याची वाट पाहिली ते घडत होते, माझ्या हाताखाली घडत होते, आणि त्यात माझे असे काहीच नव्हते.

उदेसिंग माझ्या खिडकीपाशी आला. इंजिनाच्या आवाजात त्याचे बोलणे माझ्याखेरीज कोणाला ऐकू जाणार नव्हते. त्याने पाना मला परत दिला.

"मीच ढिला करा व्हता," मी म्हणालो.

"माहीत शे." तो फडक्याने बोटे पुसत होता, एकेक करून. "मी बी एक डाव हाऊच बोल्ट ढिला करा व्हता."

मला वाटले, तो माझी समजूत घालण्यासाठी काही रचतो आहे.

"तुम्ही नववीमा नापास झायात ना, तो उन्हाया. नाना माले बोलनात, सकाय नवनीतले सुरतले संगे ली जाऊत, रस्तामा त्याले चालाडाले शिकाडसू. तुम्हले सांगं नही व्हतं त्यास्नी. सकाय गाडी निंघनी नही. नाना एसटीवर गयात. परत ईसन बोलनात, पोऱ्यानं नाव काढं आनि गाडी बसनी, गाडीमा त्यानं नशीब नही." त्याने फडके खांद्यावर टाकले. "माले वाटनं, तुम्ही बठशात मझार, मंग मी कथा जाऊ? माले दुसरी जागाच नही व्हती, भाऊ."

मी ती सकाळ स्मरणात शोधू लागलो. अडतीस वर्षांपूर्वीची एक सकाळ, वडील पायऱ्या उतरून एसटीकडे जात आहेत, हातात पिशवी. त्या दिवशी मी काय करीत होतो? झोपलो असेन, विहिरीवर असेन. काही सापडले नाही. माझे सबंध आयुष्य ज्या सकाळी दुसऱ्या रस्त्याला लागले ती माझ्याजवळ नव्हतीच. ती त्याने जपून ठेवली होती. आणि मला राग यायला हवा होता, क्षमा यायला हवी होती, निदान वडिलांविषयी काही मायेचे यायला हवे होते. परंतु जे आले ते हे, की याही बाबतीत तो माझ्या आधी पोहोचला होता. तोच बोल्ट, तोच पाव फेरा. माझ्या नीचपणातही मी त्याच्या मागे, पोत्यांवर बसून आलो होतो.

"थांबनास काब्र?" आई म्हणाली. "उशीर व्हई ऱ्हायना."

गाडीचे तोंड भिंतीकडे होते आणि फाटक मागे. मला मागे घ्यावी लागणार होती. उदेसिंग मागे गेला. चारुलता म्हणाली, "दादा, तुम्हले एक डोयाघाई दिसत नही, मी सांगस ना मांगे." तो म्हणाला, "वहिनी, मांगे दखाले कान लागतस." मग त्याने पत्र्यावर थाप मारली, आणि दुसरी, आणि तिसरी, सावकाश, सारख्या अंतराने. "येऊ द्या. येऊ द्या." मी गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागे सरकू लागली, दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या बळाने. आरशात मला फाटकाचा एक खांब आणि त्याचा एक हात दिसत होता, पत्र्यावर पडणारा आणि उचलला जाणारा. थाप. येऊ द्या. थाप. मागे काय आहे हे मला ठाऊक नव्हते. तो सांगेल तेवढेच मागे होते.

मग थाप पडली नाही.

हात आरशातून नाहीसा झाला होता. 'येऊ द्या' ऐकू येत नव्हते. गाडी सरकतच होती. मला कळले की फाटकाचा खांब आणि गाडी यांच्या मधे तो असला पाहिजे, आणि तरीही माझा पाय एक क्षणभर जिथे होता तिथेच राहिला. तो क्षण किती मोठा होता ते मी मोजलेले नाही. त्यात मी काही इच्छिले असे मी म्हणणार नाही. परंतु मी काही इच्छिले नाही असेही मला म्हणता येत नाही. पायाखाली ब्रेकचे पेडल थंड होते. मग पाय आपसूक खाली गेला, तळापर्यंत, आणि गाडी खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली. आईचे डोके पुढे झुकून मागे आले.

शर्टाचे टोक फाटकाच्या कडीत अडकून तो खांबाला टेकलेला होता. त्याच्या छातीत आणि मागच्या फाळक्यात चार बोटांचे अंतर असेल. त्याने शर्ट सोडवला. कडीला इस्त्रीच्या कापडाची एक चिंधी राहिली. तो चालत माझ्या खिडकीपाशी आला. त्याचा श्वास चढला होता आणि निकामी डोळ्यातून पाणी येत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याला काय कळले आणि काय कळले नाही ते मला सांगता येणार नाही.

"बिरेक कोनी बसाडात?" त्याने विचारले.

"मी."

"एकट्यानी?"

"एकट्यानी. दोन महिने लागनात."

"नानास्ना येले बी बिरेक इतला घट्ट लागत नही व्हतात," तो म्हणाला, आणि पुन्हा गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याच जागी. त्याने पत्र्यावर थाप मारली, आणि मी ब्रेकवरून पाय उचलला.